‘जागा नाही’ न म्हणणारं शेल्टर चालतं कसं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मनीषनगरातल्या एका कुटुंबाची पुण्याला बदली झाली. घरात सात वर्षांचा लॅब्राडोर आहे आणि पुण्यात ठरवलेल्या फ्लॅटचा मालक कुत्रा नको म्हणतो. नागपुरातल्या तीन शेल्टरना फोन करून झाले, तिन्हीकडे एकच उत्तर मिळालं: जागा नाही. म्हणून ते विचारतात, जो येईल त्या प्राण्याला घेणारं, कुणालाही दारातून परत न पाठवणारं एक शेल्टर शहराला का नसावं? आणि असलंच, तर प्राण्यांना आणि शहरातल्या माणसांना त्याचा नेमका उपयोग काय?

मी पशुवैद्यक आहे आणि माझ्या नोकरीचा मोठा काळ शेल्टरमध्येच गेला. लॅब्राडोरचं काय करायचं ते शेवटी सांगते. आधी दुसरा प्रश्न घेते, कारण पहिल्याचं बरंचसं उत्तर त्यातच आहे.

असं शेल्टर असतं. अमेरिकेत त्याला ‘ओपन ॲडमिशन’ म्हणतात. बहुतेक ठिकाणी ते तिथल्या पालिकेचं किंवा काउंटीचं असतं, नाहीतर त्यांच्याशी करार केलेल्या संस्थेचं. म्हातारं, आजारी, चावरं, गाभण, हरवलेलं, मालकाला नकोसं झालेलं, जे येईल ते घ्यायचं. हरवलेला प्राणी असेल तर मालकाची वाट पाहायला तिथल्या राज्याच्या कायद्याप्रमाणे काही दिवस, साधारण तीन ते सात, तो राखून ठेवायचा. दुसऱ्या प्रकारची शेल्टरं झेपतील तेवढेच प्राणी निवडून घेतात. बाहेरच्याला पहिलं शेल्टर दयाळू वाटतं आणि दुसरं आपमतलबी. पण दार सताड उघडं ठेवण्याची किंमत तिथे प्राण्यांनीच मोजली. जागा संपली की धडधाकट कुत्र्यालाही इंजेक्शन, हा कित्येक दशकं रोजचा शिरस्ता होता. एएसपीसीए या तिथल्या जुन्या संस्थेच्या अंदाजानुसार २०११ च्या सुमारास अमेरिकेतल्या शेल्टरांमध्ये वर्षाला साधारण २६ लाख कुत्री-मांजरं मारली जात. २०१९ पर्यंत तो आकडा ९ लाखांच्या आसपास आला. हे पिंजरे वाढवून झालं नाही. नसबंदी स्वस्त आणि सोपी केली, प्राणी आत येण्याआधीच घरी कसा टिकेल ते पाहिलं, आणि आत आलेला लवकर बाहेर कसा जाईल याची घडी बसवली.

आपल्याकडे कायदाच वेगळा आहे. २००१ चे श्वान जनननियंत्रण नियम आणि त्यांच्या जागी १० मार्च २०२३ ला आलेले नवे नियम, दोन्हींचा गाभा एकच: भटका कुत्रा पकडा, नसबंदी करा, रेबीजची लस द्या, कानाला खूण करा आणि जिथून उचलला तिथेच सोडा. आयुष्य संपवायचं ते फक्त असाध्य आजारी किंवा वाचण्यापलीकडे जखमी कुत्र्याचं, तेही पशुवैद्यकाच्या हातून आणि वेदना न होता. मला हा कायदा पटतो. पण याचा अर्थ नीट समजून घ्या. अमेरिकेतल्या शेल्टरने जी पळवाट वर्षानुवर्षं वापरली ती आपल्याला मुळातच बंद आहे. आत आलेला प्राणी घरी जाईल, त्याच्या वस्तीत परत जाईल, नाहीतर मरेपर्यंत आतच राहील. आपली शेल्टरं भरतात ती या तिसऱ्या प्रकारच्या मुक्कामामुळे. तुम्हाला ‘जागा नाही’ म्हणणारे तिघं बहुधा खरंच सांगत होते.

यात थोडा आपल्या संस्कारांचाही वाटा आहे. शेल्टर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पांजरापोळ उभा राहतो: भाकड गाय नेऊन सोडायची, पावती फाडायची, मरेपर्यंत तिला चारा मिळणार. गुरांचं कळपात, मोकळ्या आवारात एक वेळ निभतं. कुत्र्याला सहा बाय चारच्या पिंजऱ्यात आयुष्यभर ठेवणं म्हणजे जन्मठेप. दोन-तीन महिन्यांत तो गोल गोल फिरायला लागतो, जाळी चावून दात झिजवतो किंवा कोपऱ्याकडे तोंड करून बसतो. अशा कुत्र्याला मग कुणी घरीही नेत नाही. म्हणजे ज्याला आपण आश्रय म्हणतो त्यानेच त्याचं घर मिळण्याचं दार बंद केलेलं असतं.

आता हिशेब. तो अगदी सोपा आहे, पण देणगीदारांच्या गळी उतरत नाही. समजा रोज सरासरी सहा प्राणी येतात आणि प्रत्येक जण सरासरी पंधरा दिवस राहतो. म्हणजे कुठल्याही दिवशी मोजा, आत नव्वद प्राणी असणार. मुक्काम दहा दिवसांवर आणला तर साठ. एक वीटही न रचता तीस जागा मोकळ्या झाल्या. मुक्काम महिन्यावर गेला तर तेच एकशे ऐंशी, आणि नव्वदच्या जागेत एकशे ऐंशी कोंबले की रोग आणि मारामाऱ्या ठरलेल्या. गणेशपेठच्या बसस्थानकात गर्दी झाली तर फलाट वाढवून भागत नाही, गाड्या वेळेवर सुटाव्या लागतात, तसंच हे आहे.

माणसांचा हिशेबही असाच. झाडलोट आणि खाणं-पाणी एवढ्यासाठीच एका प्राण्यामागे दिवसाला किमान १५ मिनिटं धरतात. नव्वद प्राणी म्हणजे साडेबावीस तास, तीन माणसांची पुरी ड्यूटी. यात औषध नाही, फिरवणं नाही, फोन नाहीत, दत्तक घ्यायला आलेल्यांशी बोलणं नाही. एप्रिल-मेमध्ये नुसतं कूलरमध्ये पाणी भरत फिरायला एक माणूस वेगळा लागतो. देणगीदार हौसेने शेड बांधून देतात, त्यावर आई-वडिलांच्या नावाची पाटी लावतात. तीन माणसांचा वर्षाचा पगार देतो म्हणणारा मला क्वचित भेटला. पगारावर पाटी लावता येत नाही ना!

तेव्हा माझं सरळ मत असं की उघड्या दाराचं शेल्टर नागपूरला हवं, पण ते जागेच्या जोरावर चालणार नाही. ते चालेल काउंटरवर बसलेल्या माणसाच्या जोरावर. प्राणी आत घेण्याआधीची दहा मिनिटं हेच तिथलं सगळ्यात मोलाचं काम.

एक उदाहरण सांगते. एक काकू पांढरी पॉमेरियन घेऊन आल्या. कुत्रीच्या गळ्यात पट्टा, हातातल्या पिशवीत तिची वाटी आणि एक जुनी चादर. म्हणजे ठरवूनच आल्या होत्या.

“ठेवून घ्या न मॅडम हिले. घरभर घाण करून ठेवते. सून म्हणते एक तर हे कुत्रं राहीन, नाही तर मी.”

अशा वेळी काउंटरवरचा नवशिका स्वयंसेवक हमखास विचारतो, “इतकी वर्षं पाळली आणि आता सोडता?” झालं! समोरचा माणूस एक तर भांडतो, नाहीतर खाली मान घालून निघून जातो आणि रात्री रिंग रोडला कुत्रं सोडून देतो. म्हणून आमचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: काय झालं? कधीपासून?

“आधी अशी नव्हती वो. महिना झाला असन. पाणी तं इतकं पिते, बादली पुरत नाही.”

वय आठ, नसबंदी नाही, माजावर येऊन दीड महिना झालेला. शेपूट उचलली तर खाली चिकट, वास मारणारा स्राव. पोट तटतटलेलं. गर्भाशयात पू झाला होता, ज्याला आम्ही पायोमेट्रा म्हणतो. नसबंदी न केलेल्या, वयाने मोठ्या कुत्रीला माजानंतर एक-दोन महिन्यांत हे बरेचदा गाठणारं दुखणं. त्यात तहान वाढते, लघवी आवरत नाही. गर्भाशय काढून टाकणं हाच खात्रीचा इलाज, आणि उशीर झाला तर जीव जातो. काकूंना वाटत होतं कुत्री म्हातारपणी बिघडली. ऑपरेशन झालं, आणि टाके काढायला सूनच तिला घेऊन आली.

काउंटरवर नुसती सही घेतली असती तर? रजिस्टरमध्ये ‘मादी, आठ वर्षं, घरात घाण करते’ अशी नोंद झाली असती. त्या नोंदीवर तिला कुणी नेलं नसतं, आणि आठवड्याभरात पिंजऱ्यातच ती गेली असती. एक जागा अडली असती ती वेगळीच.

मालक प्राणी सोडायला येतात त्या कारणांत अशी सुटण्यासारखी कारणं बरीच असतात. घरात बाळ येणार आहे आणि कुणीतरी सांगितलं मांजर काढा. इथे भीती असते ती गर्भाला अपाय करू शकणाऱ्या टॉक्सोप्लाझ्मा या जंतूची, पण तो मांजराच्या विष्ठेत पडल्यावर लागण करण्याजोगा व्हायला निदान एक दिवस लागतो. मातीचा डबा घरातल्या दुसऱ्या कुणी रोजच्या रोज साफ केला, मांस नीट शिजवलं, भाजी धुतली, की मांजर घराबाहेर काढायचं कारण उरत नाही. मालक एकटे राहतात आणि मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात, भरती झालेत, तर त्यांना दोन-तीन आठवडे प्राणी सांभाळणारा कुणी हवा असतो, कायमचा सोडायचा नसतो. अशांसाठी तात्पुरता मुक्काम ठेवावा, लेखी कराराने, नेण्याची तारीख घालून. सप्टेंबर २०२३ मध्ये अंबाझरी ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. तशा रात्री घर सोडणाऱ्या माणसाला बोटीत किंवा नातेवाइकाच्या घरी कुत्रं नेता येत नाही, त्याला पंधरा दिवसांचा आधार पुरतो. कुणाला नसबंदीचा खर्च जड जातो. कुणाला खाद्याचा. कुणाच्या घरचा कुत्रा दिवसभर एकटा, साखळीला, म्हणून भुंकतो आणि शेजारी पोलिसांत जायची धमकी देतात. या प्रत्येकाला आत घेण्यापेक्षा घरी मदत करणं स्वस्त पडतं, आणि प्राण्यासाठी बरंही.

म्हणून उघडं दार म्हणजे रात्री दोन वाजता कुणीही यावं आणि टाकून जावं असं नाही. अपघात झालेला, उष्माघाताचा, रेबीजचा संशय असलेला प्राणी कधीही घ्यायचा. धडधाकट पाळीव प्राणी सोडायचा असेल तर दोन-चार दिवसांनंतरची वेळ द्यायची, मधल्या दिवसांत फोनवर बोलत राहायचं. ‘आज नाही, गुरुवारी या’ हा नकार नव्हे. नकार म्हणजे ‘आमच्याकडे होत नाही, तुमचं तुम्ही बघा’. आणि तो नकार मिळालेला माणूस काय करतो हे आम्हाला सकाळी फाटक उघडताना कळतं, कारण कुत्रं फाटकालाच बांधलेलं असतं. नाव माहीत नाही, लस झाली की नाही माहीत नाही, चावतं की नाही तेही नाही. एक सांगून ठेवते, प्राणी उपाशी-तहानेला राहील अशा स्थितीत टाकून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. पहिल्या वेळचा दंड मात्र १० ते ५० रुपये. टाकून यायला केलेल्या ऑटोचं भाडं त्याहून जास्त होतं.

आत घेतलेल्या प्राण्याचं पुढे काय होतं तेही सांगते, कारण शेल्टर चांगलं की वाईट हे इथे ओळखू येतं. पहिली गोष्ट विचारतो ती चाव्याची: गेल्या दहा दिवसांत कुणाला चावला का? चावला असेल तर तो वेगळ्या खोलीत, दहा दिवस निरीक्षणाखाली. मग वजन, दात पाहून वयाचा अंदाज, कानाची खूण, अंगावर गोचीड किती, आणि पिंजऱ्यात जाण्याआधी लस. ‘आधी दोन दिवस पाहू, मग लस देऊ’ हे घरच्या कुत्र्याला ठीक आहे, शेल्टरमध्ये नाही. डिस्टेंपर आणि पार्व्हो या कुत्र्यांच्या जीवघेण्या साथरोगांची लस दारातच टोचली तर प्राण्याला रोगाशी गाठ पडण्याआधी थोडी तरी सवड मिळते. पिल्लांना चार-सहा आठवड्यांपासून सुरू करून दर दोन आठवड्यांनी देत राहावी लागते, कारण आईच्या दुधातून आलेली ताकद लसीला मध्येच निकामी करते.

आणि फिनाईल. आपल्याकडे फिनाईलचा घमघमाट आला की लोक म्हणतात, वा, काय स्वच्छता! पार्व्होचा विषाणू फिनाईलने मरत नाही. फरशीवर, वाटीवर, कामगाराच्या चपलेखाली तो महिनोन्‌महिने टिकतो. शिवाय फिनाईल मांजरांना विषारी असतं. ओल्या फरशीवरून चालून आलेलं मांजर पाय चाटतं आणि ते पोटात जातं. त्यापेक्षा आधी साबणाने विष्ठा आणि चिकटा पूर्ण घासून काढा, मग ५ टक्क्यांचं ब्लीच एकास तीस, म्हणजे १५ लिटरच्या बादलीत अर्धा लिटर, आणि फरशी दहा मिनिटं ओली राहू द्या. घाणीवरच ओतलेल्या ब्लीचचा उपयोग नाही. कामाचा क्रमही ठरलेला हवा: आधी पिल्लं, मग निरोगी मोठे, मग नवीन आलेले, सगळ्यात शेवटी आजारी. एकाच फडक्याने उलट्या क्रमाने साफसफाई करणारं शेल्टर मी पाहिलंय. तिथे पिल्लं जगत नव्हती आणि ते दोष लसीच्या कंपनीला देत होते.

मांजरांसाठी एक पुठ्ठ्याचं खोकं पुरतं. लपायला जागा मिळाली की मांजर लवकर शांत होतं, खायला लागतं, आणि ताणामुळे उसळणारी सर्दी कमी होते. किराणा दुकानात फुकट मिळतं ते.

नागपूरचा उन्हाळा हे वेगळंच प्रकरण आहे. पारा ४५ च्या वर गेला की पत्र्याच्या शेडमध्ये कुत्रं ठेवणं हीच क्रूरता. कूलर बंद खोलीत लावला तर दमटपणा वाढतो, आणि कुत्रं गारवा मिळवतं ते मुख्यतः धापा टाकून. दमट हवेत त्या धापांचा उपयोग होत नाही, म्हणून समोरून हवा बाहेर जायला वाट हवी. अंगात १०६ फॅरेनहाइट ताप घेऊन आलेल्या कुत्र्यावर आधी साधं पाणी आणि पंखा, बर्फ नाही. हस्की आणि सेंट बर्नार्ड ही थंड प्रदेशातली कुत्री नागपुरात पाळणाऱ्यांबद्दल मी इथे काही लिहीत नाही.

आता शहरातल्या लोकांचं. कुत्रं चावलं की लोक दोन चुका करतात: जखमेला हळद-मिरची लावतात आणि कुत्र्याला काठीने मारून टाकतात. जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी मेडिकलला, मेयोला किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात जायचं. दंडात घ्यायची लस ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी असते. जखम खोल असेल, रक्त आलं असेल तर तिच्यात इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शनही लागतं. आणि कुत्रं जिवंत हवं, कारण चावल्यानंतर दहा दिवस ते ठणठणीत राहिलं तर चावताना त्याच्या लाळेत रेबीज नव्हता असं खात्रीने म्हणता येतं. मात्र त्या दहा दिवसांची वाट पाहत लस लांबवायची नाही. अशा कुत्र्याला दहा दिवस सुरक्षित ठेवणारी एक जागा शहरात असणं हे त्या चावलेल्या माणसासाठीच आहे. प्राणिप्रेमाचा इथे फारसा संबंध नाही.

“आमच्या गल्लीतली कुत्री उचलून न्या” हा आमच्याकडचा सगळ्यात जुना फोन. नियमाप्रमाणे नसबंदी करून तिथेच परत सोडतो म्हटलं की माणूस चिडतो. पण त्या गल्लीतला कचरा आणि उरलंसुरलं तसंच राहतं, त्यामुळे रिकामी झालेली जागा महिन्याभरात दुसरी, नसबंदी न झालेली, लस न घेतलेली कुत्री धरतात. खाऊ घालणाऱ्यांचा आणि शेजाऱ्यांचा वाद तर आपल्या शहरातून थेट दिल्लीला गेला. ऑक्टोबर २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने म्हटलं होतं की खाऊ घालायचं असेल त्यांनी कुत्री दत्तक घेऊन घरी न्यावीत. त्याला पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नसबंदी-लसीकरणानंतर त्याच भागात सोडण्याचं तत्त्व कायम ठेवलं, रेबीजग्रस्त आणि हिंस्र कुत्री वगळून, आणि खाऊ घालायला पालिकेने जागा ठरवून द्याव्यात असं सांगितलं. ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशात शाळा, रुग्णालयं, बस आणि रेल्वे स्थानकं, क्रीडासंकुलं इथली कुत्री काढून शेल्टरमध्ये ठेवायला आणि परत तिथे न सोडायला सांगितलं. म्हणजे ज्यांना परत जायला जागाच नाही असा एक मोठा गट आता शेल्टरच्या वाट्याला येतो. वरचा गुणाकार आठवून पाहा. मुक्काम ‘आयुष्यभर’ धरला तर कुठल्याही पालिकेची जागा अपुरीच पडणार.

बाकी कामं पटकन सांगते. दिवाळीच्या चार दिवसांत फटाक्यांना घाबरून पळालेली कुत्री येतात. त्यांच्या पट्ट्यावर मालकाचा फोन नंबर असला तर ती त्याच दिवशी घरी जातात, नसला तर आठवडे लागतात. कातडीखाली बसवायची ओळखीची मायक्रोचिप नंतर बघा, आधी पन्नास रुपयांचं बिल्लं लावा. हरवलेलं मांजर मात्र शेल्टरमध्ये शोधण्याआधी घराच्या आसपासच्या पाच-सहा घरांत, जिन्याखाली, गच्चीवर शोधा. डोळे मिटलेली मांजरीची पिल्लं दिसली की लगेच उचलून आणू नका, आई बहुतेक वेळा जवळच असते आणि काही तासांत परत येते. संक्रांतीला मांजाने पंख कापलेले पक्षी येतात. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाची २०१७ पासून बंदी आहे, तरी तो पतंगांसोबत दरवर्षी येतोच. पोपट, घार, घुबड हे वन्यजीव कायद्यात येतात. त्यांची जागा सेमिनरी हिल्सचं वन विभागाचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर. घरी पिंजऱ्यात ठेवलेला मिठ्ठूसुद्धा त्याच कायद्यात बसतो, हे ऐकून अनेक आजोबांचे चेहरे पडतात. गाई-बैल आले तर कोंडवाडा किंवा गोरक्षण. पण चांगल्या काउंटरवर यांपैकी कुणालाही ‘आमचं काम नाही’ म्हणून फोन ठेवत नाहीत. कुठे न्यायचं, आत्ता काय करायचं आणि वाटेत काय करायचं नाही, एवढं सांगूनच ठेवतात.

दत्तक देण्याबद्दल माझं मत बऱ्याच सहकाऱ्यांना आवडत नाही. चार पानी फॉर्म, पगाराची स्लिप, घराची तपासणी, ‘भाड्याचं घर असेल तर नाही’, ‘अविवाहित असेल तर नाही’ या अटींनी प्राणी सुरक्षित होत नाहीत, फक्त आत राहतात. दत्तक घ्यायला आलेल्यांशी वीस मिनिटं मोकळं बोला. दिवसभर घरी कोण असतं, आधीच्या कुत्र्याचं काय झालं, सुट्टीत गावी गेले की कुणाकडे ठेवणार, एवढ्यात माणूस कळतो. नसबंदी करूनच द्या आणि ‘नाही जमलं तर आमच्याकडेच परत आणा, कुणी रागावणार नाही’ हे पहिल्याच दिवशी सांगा. काळी, मोठी, गावठी कुत्री सगळ्यात जास्त थांबतात. त्यांचा फोटो जाळीमागून न काढता कुणाच्या तरी अंगणात, माणसाशेजारी बसलेला काढला तर फरक पडतो.

आता तुमचा लॅब्राडोर. सात वर्षांच्या, सगळं आयुष्य एका घरात काढलेल्या कुत्र्यासाठी उत्तमातलं उत्तम शेल्टरही दुय्यम पर्याय आहे. पहिले काही दिवस असे कुत्रे खातच नाहीत. म्हणून आधी पुण्याची खिंड लढवा. सोसायटी ‘पाळीव प्राणी नाहीत’ असा नियम करत असेल तर तो टिकत नाही, भारतीय पशुकल्याण मंडळाने २०१५ मध्येच तसं स्पष्ट केलंय. पण तुमचा अडसर सोसायटी नसून घरमालक आहे, आणि भाडेकरारात काय लिहायचं तो त्याचा हक्क. त्याला नुसती विनंती करू नका. लसीचं पुस्तक, नसबंदीचा दाखला, नागपूरच्या घरमालकाची किंवा शेजाऱ्यांची दोन ओळींची चिठ्ठी आणि थोडं जास्तीचं डिपॉझिट पुढे ठेवा. तरी नाही म्हणाला तर दुसरा फ्लॅट शोधा, पुण्यात कुत्र्यासकट राहणारे भाडेकरू भरपूर आहेत. मधल्या एक-दोन महिन्यांसाठी नातेवाईक, मित्र, नाहीतर कुणी फोस्टर, म्हणजे प्राणी तात्पुरता स्वतःच्या घरी सांभाळणारा. आणि त्या तीन शेल्टरना पुन्हा फोन करा, पण या वेळी ‘ठेवून घ्या’ म्हणू नका. ‘दोन महिने सांभाळणारं घर शोधायला मदत कराल का, खर्च आम्ही देतो’ असं विचारा. त्यांच्या आतल्या जागेला हात न लावता तुमचं काम होण्यासारखं आहे, तेव्हा उत्तर वेगळं मिळू शकतं.

यातलं काहीच जमलं नाही तरच नवीन घर, आणि तेही तुम्ही स्वतः, तो तुमच्याजवळ असतानाच शोधायचं. तो काय खातो, कशाला घाबरतो, कुणावर गुरगुरतो हे खरं लिहून द्या. गुरगुरणं लपवलं तर तो पंधरा दिवसांत परत येतो.

न्यायचं ठरलं तर रेल्वेत दोनच मार्ग आहेत. एसी फर्स्टमध्ये पूर्ण कूपे किंवा केबिन तुमच्या नावावर असेल तर तो तुमच्यासोबत, नाहीतर गार्डच्या डब्यातल्या डॉग बॉक्समध्ये. टू-टियर, थ्री-टियर आणि स्लीपरमध्ये परवानगी नाही. लसीकरणाचा आणि तब्येतीचा दाखला घेऊन गाडीच्या बऱ्याच आधी पार्सल ऑफिसला जा. बदली एप्रिल-मेमध्ये असेल तर डॉग बॉक्सचा विचारच करू नका. नागपूर ते भुसावळ भर दुपारी त्या लोखंडी पेटीत लॅब्राडोर तगणार नाही. त्यापेक्षा संध्याकाळी उन्हं उतरल्यावर एसी गाडीने निघा, वाटेत दर दोन-तीन तासांनी थांबून पाणी पाजा, आणि निघण्याआधी सहा तास त्याला पोटभर खाऊ घालू नका.